ठेव जपणारे न्यायाधीश : भारताचार्य चिंतामणराव वैद्य

दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेली ठेव जशीच्या तशी सांभाळणे आणि योग्य वेळी ज्याची त्याला परत करणे, हे व्यवहारातील मोठे व्रत मानले गेले आहे. ठेव धनाची असेल तर तिचा हिशेब वहीत मांडता येतो. ठेव एखाद्याच्या आठवणींची असेल तर हिशेब घ्यायला कोणी येत नाही. तेथे सांभाळणाऱ्याचे मन हीच वही. पेण तालुक्यातील वरसईच्या एका भिक्षुकाने ठेवलेली अशीच ठेव एका वकिलाने व न्यायाधीशाने दोन तपे सांभाळली. त्यांचे नाव भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य.

चिंतामणरावांचा जन्म १८ ऑक्टोबर १८६१ रोजी कल्याण येथे झाला. एम. ए., एल्एल. बी. या पदव्या संपादन करून ते वकिलीत शिरले. पुढे उज्जैन येथे न्यायाधीश म्हणून काम करीत ते ग्वाल्हेर संस्थानच्या सरन्यायाधीशपदापर्यंत पोहोचले. विसाव्या शतकाच्या आरंभी सेवेतून निवृत्त होऊन ते कल्याणला परतले आणि उरलेले आयुष्य त्यांनी ग्रंथलेखनास वाहिले. १९०८ साली पुणे येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. २० एप्रिल १९३८ रोजी त्यांचे निधन झाले.

रायगड किनाऱ्याशी त्यांचा ऋणानुबंध जोडला गेला तो वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्यामुळे. घरावरील कर्ज फिटावे म्हणून विष्णुभट आपल्या काकांसमवेत उत्तरेकडे निघाले होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून तेथे भरघोस दक्षिणा मिळेल, अशी वार्ता त्यांच्या कानी आली होती. परंतु साल होते १८५७. वाटेतच बंडाचा वणवा पेटला. १८५८ साली इंग्रजी फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा विष्णुभट शहरातच होते. राणी लक्ष्मीबाईंचे राज्य, शहराचा पाडाव आणि त्यानंतरची कत्तल व लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मिळविलेले द्रव्य वाटेत पुनःपुन्हा लुटले गेले. अखेर आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईस परतले. कर्जासाठी गेलेला मनुष्य द्रव्याऐवजी आठवणी घेऊन घरी आला.

कल्याणच्या वैद्य घराण्याचा गोडसे यांना आश्रय होता. विष्णुभटांच्या तोंडून या हकिगती ऐकताना तरुण चिंतामणरावांनी त्यांचे मोल ओळखले आणि त्या लिहून काढण्याचा आग्रह धरला. साधारण १८८३ च्या सुमारास विष्णुभटांनी मोडी लिपीत आपला प्रवास लिहिला. मात्र राज्य इंग्रजांचे होते. राणीविषयी आदराने लिहिणे आणि इंग्रजी फौजेची क्रूर कृत्ये नोंदविणे हे गरीब भिक्षुकास संकटात लोटणारे होते. म्हणून आपल्या हयातीत हे लिखाण छापू नये, अशी त्यांची अट होती. चिंतामणरावांनी ती मान्य केली.

पुढे ते वकील झाले, न्यायाधीश झाले, ज्या ग्वाल्हेरच्या दक्षिणेसाठी विष्णुभट घर सोडून गेले होते त्याच संस्थानच्या न्यायासनावर बसले. तरी बाड बाहेर आले नाही. विष्णुभटांच्या निधनानंतर, १९०७ साली ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध झाला. शब्द दिल्याला सुमारे चोवीस वर्षे लोटली होती. आज १८५७ च्या घटनांविषयी एका सामान्य भारतीयाने लिहिलेली प्रत्यक्षदर्शी हकिगत म्हणून त्या ग्रंथाचे स्थान अनन्यसाधारण आहे.

या कार्याचे मोजमाप करताना एक उणीवही नोंदविली पाहिजे. छापताना चिंतामणरावांनी विष्णुभटांची भाषा पुष्कळ ठिकाणी बदलली आणि काही मजकूर गाळला. साक्षीदाराची जबानी त्याच्याच शब्दांत नोंदवावी, हा न्यायालयाचा दंडक येथे पूर्णपणे पाळला गेला नाही. पण त्यांनी मूळ बाड नष्ट केले नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले. त्यामुळेच १९६६ साली महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांना मूळ लेखनावरून ग्रंथ संपादित करता आला आणि वरसईचा भिक्षुक स्वतःच्या भाषेत बोलू लागला. स्वतःच्या संपादनाची चूक ज्यावरून दाखविता येईल, तो पुरावाच चिंतामणरावांनी जपून ठेवला होता. न्यायबुद्धीची याहून स्पष्ट साक्ष क्वचितच मिळेल.

हीच पुरावा तपासण्याची वृत्ती त्यांच्या इतर ग्रंथांत दिसते. व्यासांचा ‘जय’, वैशंपायनांचे ‘भारत’ आणि सौतीचे ‘महाभारत’ अशा तीन टप्प्यांनी ते महाकाव्य वाढत गेले, हे मत त्यांनी श्रद्धा न दुखविता, पण चिकित्सा न सोडता मांडले. मध्ययुगीन भारताचा इतिहास त्यांनी तीन खंडांत लिहिला. पानिपतच्या पार्श्वभूमीवर ‘दुर्दैवी रंगू’ ही कादंबरी लिहिली. वयाच्या सत्तरीत, १९३१ साली, शिवछत्रपतींवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रकाशित झाला.

न्यायाधीशाचे निकाल दप्तरात राहतात आणि वकिलाचे युक्तिवाद त्या दिवसापुरते गाजतात. चिंतामणरावांचे नाव मात्र एका गरीब माणसाला दिलेल्या शब्दामुळे वरसईच्या मातीशी कायमचे जोडले गेले. सार्वजनिक ठेवीची जबाबदारी शिरावर घेणाऱ्या प्रत्येकाने, ठेव सांभाळताना आपल्या हातून झालेल्या चुकीचा पुरावाही सांभाळावा, हा त्यांच्या जीवनाचा बोध होय. भारताचार्यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.