जिन्याच्या माथ्यावरचे दार : देवगिरीच्या अंधारीपासून पवईच्या तळघरापर्यंत

#थ्रेड 🧵

१/ पवईच्या उंच इमारतींमध्ये वाहनतळाच्या तळघरातून जिन्याने वर येणाऱ्याला माथ्यावर एक जड दार लागते. रोज शेकडो हात ते ढकलतात. त्याचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो. याच दाराच्या प्रश्नावर एका राजधानीचे संरक्षण एके काळी अवलंबून होते.

२/ मूळ अडचण साधी आहे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला मागे सरायला जागा नसते. दार जिन्याकडे उघडले, तर ते त्याला खाली लोटते. आतल्या खोलीकडे उघडले, तर खोलीतली जागा अडते आणि खालून रेटा देणाऱ्याचे काम सोपे होते.

३/ यावर बांधणाऱ्यांना तीन उपाय सापडले. दार मागे नेऊन त्याच्यापुढे सपाट जागा सोडणे, दार सरकते करणे, किंवा उभे दारच रद्द करून ते जमिनीसारखे आडवे टाकणे.

४/ महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांनी तिसरा उपाय निवडला. भिंतीच्या जाडीतून एका माणसापुरता अरुंद जिना वर जाई आणि त्याच्या तोंडावर लाकडी झडप असे. दिवसा ती भिंतीला टेकवून ठेवत. रात्री खाली पाडली की तीच वरच्या मजल्याची जमीन होई. जागा वाचली आणि पहाराही झाला. खालून येणाऱ्याला डोक्याने वा खांद्याने झडप उचलावी लागे. तेवढ्या वेळात घरचे लोक सावध होत.

५/ याच युक्तीचे सर्वांत कठोर रूप देवगिरीच्या किल्ल्यात दिसते. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १५ किमीवरचा हा डोंगर यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या अखेरीस राजधानीसाठी निवडला. पुढे मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये येथे राजधानी हलवली आणि दौलताबाद हे नाव रूढ झाले.

६/ डोंगर सुमारे ६०० फूट उंच आहे. त्याचा खालचा भाग तासून उभा कडा केलेला असून पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक आहे. खंदकावर एकच अरुंद पूल होता. पूल ओलांडला की पुढची वाट खडकाच्या पोटात शिरते. हीच ती प्रसिद्ध ‘अंधारी’.

७/ अंधारी वळणे घेत वर चढते आणि पायऱ्यांच्या शेवटी उघड्यावर येते. येथे उभे दार बसवले असते, तर ते फोडण्याचा प्रयत्न झाला असता. म्हणून तोंडावर लोखंडी झाकण आडवे टाकले गेले. जुन्या गॅझेटिअरमधील वर्णनानुसार ते २० फूट लांब व १ इंच जाड होते, आणि रुळांवरून सरकत असे.

८/ सरकतेच का? इंचभर जाडीच्या लोखंडाचे वजन दर चौरस फुटाला सुमारे १८ किलो भरते. झाकणाची रुंदी अवघी ५ फूट धरली, तरी एकूण भार १८०० किलोंच्या घरात जातो. बिजागरीवर असे दार उचलणे माणसांच्या आवाक्याबाहेरचे. रुळांवर मात्र थोडेच लोक ते ओढू शकतात. शिवाय खालच्या अंधारात, अरुंद पायऱ्यांवर दाटीने उभ्या असलेल्या सैनिकांना ना ओंडका फिरवायला जागा, ना मागे हटायला.

९/ वेढ्याच्या वेळी या झाकणाचीच चूल होई. त्यावर मोठा जाळ पेटवून तो सतत धगधगता ठेवण्याची व्यवस्था होती. जाळाला वारा मिळावा म्हणून शेजारच्या खडकात एक वाट कोरलेली आहे. तापलेले लोखंड आणि कोंडलेली हवा, यांमुळे खालचा जिना चढणे अशक्य ठरे. जिन्याच्या माथ्यावरची गैरसोय येथे मुद्दाम घडवलेली होती. तीच किल्ल्याची खरी ढाल.

१०/ तरीही देवगिरी शत्रूच्या हाती पडली, तीही एकदा नव्हे. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीच्या वेढ्यात रामदेवरायाला तह करावा लागला. किल्ल्यात धान्य समजून नेलेल्या गोण्यांत मीठ निघाले, अशी कथा फरिश्ताने नोंदवली आहे. १६३३ मध्ये मोगल सेनापती महाबतखानाच्या वेढ्यात बाहेरचे तट सुरुंगांनी ढासळले, आत अन्न सरले आणि मलिक अंबरचा मुलगा फतहखान याने किल्ला सोपवला. अंधारीचे दार फोडण्याची वेळच आली नाही. शत्रूला रोखणारे दार भुकेला रोखू शकत नाही.

११/ आता पुन्हा पवईकडे. आजच्या तळघरात शत्रू वेगळा आहे. वाहनाने पेट घेतला, तर धूर जिन्याच्या पोकळीतून धुराड्यासारखा वर चढतो. म्हणून माथ्यावरचे दार आग रोखणारे आणि आपोआप मिटणारे असावे लागते. राष्ट्रीय इमारत संहितेने पहिला उपाय स्वीकारला आहे: सुटकेचे दार थेट पायऱ्यांवर उघडू नये, दारापाशी किमान त्याच्या रुंदीइतके लँडिंग असावे. आणि दार बाहेर पडणाऱ्याच्या दिशेने उघडावे.

१२/ देवगिरीच्या दाराने आग वर ठेवून माणसाला खाली कोंडले. पवईच्या दाराने आग खाली कोंडून माणसाला वर सोडायचे आहे. प्रश्न तोच, हेतू नेमका उलटा.

१३/ म्हणूनच ये-जा सोपी व्हावी म्हणून या दाराखाली वीट वा कुंडी सरकवून ते सताड उघडे ठेवले जाते, तेव्हा मोडतो तो केवळ नियम नव्हे. अंधारीच्या माथ्यावरचा पहारेकरी जाळ विझू देत नसे, कारण त्याच्यामागे अख्खा किल्ला होता. पवईच्या दाराला पहारेकरी नाही. ते मिटलेले राहावे, एवढाच त्याचा पहारा. आणि त्याच्यामागे वीस-पंचवीस मजल्यांची झोपलेली घरे आहेत.

#इतिहास #देवगिरी #दौलताबाद #पवई