निरोप्याची भाषा

पावसाळ्यात कोपरगावकरांच्या तोंडी दोन आकडे असतात. रात्रीतून किती मिलिमीटर पडला आणि नांदूरमधमेश्वरहून किती क्युसेक सोडले. गंगापूर-दारणाचं पाणी निफाड तालुक्यातल्या त्या बंधाऱ्यात येतं. तिथूनच गोदावरीचे डावा-उजवा कालवे इकडे निघतात आणि नदीला पूर यायचा तोही तिथूनच. पाण्याच्या आधी निरोप पोचला म्हणजे झालं.

निरोप्या मात्र बदलत गेला. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली, रुळांच्या कडेनं तारेचे खांब आले. पण पावसाचा आकडा मिळायचा तो दिवसातून एकदा. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतायचं, डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचं, वहीत लिहायचं आणि पुढे कळवायचं. तालुक्यातल्या पोहेगावला ढग फुटला आणि मापकाच्या जागी ऊन असलं, तर वहीत शून्य.

२०१७ मध्ये राज्य सरकारनं स्कायमेट या खासगी हवामान कंपनीच्या साथीनं ‘महावेध’ उभारलं. दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं आली. कुंपणात एक खांब, वर सौरपट्टी, खाली पेटी. आकडा दर दहा मिनिटांनी.

अशा पेट्यांत कुठे आकडे नोंदवणारा साधा लॉगर असतो, कुठे लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा बोर्ड. निरोप न्यायचं काम सिमकार्ड घातलेल्या मोडेमचं, आणि त्याच्याशी बोलायची भाषा चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीची. १९८१ साली अमेरिकेत हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला. त्याला हाक मारायची ती ‘एटी’ म्हणून, म्हणजे ‘अटेन्शन’, आपलं ‘सावधान’. मोडेम ‘ओके’ म्हणाला की पुढचं बोलायचं. आजही पहिली तपासणी हीच. मग ‘सीएसक्यू’ विचारलं की रेंज कळते: शून्य ते ३१, आणि ९९ आलं तर काहीच कळलं नाही असं समजायचं. मग ‘क्रेग’: उत्तरात शेवटी १ आला तर टॉवरनं ओळखलं, ५ आला तर रोमिंग. त्यानंतर सिमकंपनीचा एपीएन, म्हणजे तिच्या इंटरनेटच्या दाराचं नाव, भरायचा आणि चांदणी, नव्व्याण्णव, हॅश असा नंबर ‘फिरवायचा’. पलीकडे फोन कुणीच उचलत नाही, तरी ‘एटीडी’ या आज्ञेतला ‘डी’ डायलचाच! ‘कनेक्ट’ आलं की पीपीपी हा संवादाचा करार सूत्रं हाती घेतो. त्याचं आजचं रूप १९९४ चं, दोन टोकांमधल्या थेट जोडणीसाठी लिहिलेलं. भारतात व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट खुलं केलं; त्यानंतर घरोघरी आलेले किंचाळणारे मोडेम बहुतेक याच करारावर चालत. नवे मोडेम ही डायलची वाट टाळून थेट नेटवर्क कार्डासारखे वागतात, पण हाकेला ‘ओके’ अजून देतात.

जुन्या यूएसबी डोंगल-मोडेमची गंमत वेगळीच. लावल्या लावल्या ते सीडी असल्याचं सोंग घ्यायचं. आत विंडोजचे ड्रायव्हर असायचे. लिनक्सवाल्याला आधी ते सोंग उतरवावं लागे.

घोळ बहुतेक वेळा आज्ञांत नसतोच. टूजीवर बोलताना मोडेम क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतो. वायर बारीक असली तर व्होल्टेज पडतं आणि तो नेमका निरोप देतानाच बंद होतो. नेटवर्क गेल्यावर अडकून बसायचीही त्याला खोड. भर पावसात, चिखलातून पेटीपर्यंत जाणार कोण? म्हणून जाणकार एक छोटी स्क्रिप्ट ठेवतात. ती ठरावीक वेळानं पिंग मारते. तीनदा उत्तर आलं नाही की रिलेनं मोडेमची वीज दहा सेकंद तोडते, परत जोडते आणि पुन्हा पहिल्यापासून ‘एटी’ म्हणते.