उन्हाचे पीक

उन्हाळ्यातली ताजी फळे-भाज्या हिवाळ्यासाठी राखून ठेवायची, ही रीत मुळात बर्फ पडणाऱ्या प्रदेशांची. तेथे हिवाळा हाच टंचाईचा ऋतू. बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडसारख्या गावी हे गणित नेमके उलटे बसते. माजलगाव तालुक्याच्या या पट्ट्यात हिरवी भाजी पिकते ती मार्गशीर्ष-पौषात. हरभऱ्याचा कोवळा पाला तेव्हाच खुडायचा, सावलीत वाळवायचा आणि गाडग्यात भरून ठेवायचा; तो उपयोगी पडतो पुढे, रानात हिरवे पान उरत नाही तेव्हा. चैत्र-वैशाखात येथे भरघोस असते ते एकच, ऊन. नवा गहू, नवी ज्वारी, तूर-मूग, मिरची, चिंच हे सारे त्या उन्हाच्या हवाली करायचे, आणि तेही हिवाळ्यासाठी नव्हे तर आषाढ-श्रावणासाठी. पेरणी झालेली, पीक हाती नाही, वाटा चिखलाने भरलेल्या, अशा त्या दिवसांत घरात भाजी म्हणून काय शिजवायचे, हा प्रश्न वाळवणाने सोडवला.

हे काम किती बारकाव्याचे असते, ते कुरडईवरून कळावे. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे. मग वाटून त्याचा चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, वरचे पाणी ओतून टाकायचे. पहाटे चूल पेटवून चीक शिजवायचा, गाठ होऊ द्यायची नाही. ऊन चढायच्या आत सोऱ्यातून कुरडया पडल्या पाहिजेत. (गरम चिकाच्या वाटीसाठी चुलीपाशी बसणारी मुले हा या विधीचा अलिखित भाग.) आंबवण्याचे, निवळण्याचे, उष्णतेचे हे ज्ञान शाळेची पायरी न चढलेल्या बायकांच्या हातात होते. एकटीचे हे काम नव्हे. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, अशी ती फेड असे. बाजरीच्या खारोड्या, मूगडाळीचे सांडगे, कारल्याच्या काचऱ्या, कैरीची आंबोशी यांची गोष्टही फारशी वेगळी नाही. बालाघाटाच्या डोंगरात पिकणारे सीताफळ मात्र या कौशल्याला कधी वश झाले नाही; २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते आजही झाडावरून उतरल्यावर दोन-चार दिवसांचेच सोबती.

या ज्ञानाची लेखी नोंद शोधू लागलो की हाती फार थोडे लागते. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला ग्रंथ. त्यात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे. पण ती राजाची पाकशाळा. पुढच्या भाकरीची चिंता तिला नव्हती. छापील मराठी पाकपुस्तकांची वाट लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्र’पासून (१९१०) कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’पर्यंत (१९७०) आली, तरी ती मुख्यतः मुंबई-पुणे-सांगलीच्या स्वयंपाकघरांतून जाते. १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याचे वाळवण त्या वाटेवर क्वचितच भेटते.

आणि भेटते तेही गावाच्या एकाच बाजूचे. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले, तेव्हा मराठवाड्यातल्या दलित घरांतले अन्न प्रथमच एवढ्या तपशिलाने पुस्तकात उतरले. दोरीवर वाळत घातलेल्या मांसाच्या पट्ट्या, म्हणजे चान्या, हेही वाळवणच. ऊन तेच, कारणही तेच: आज एकदम मिळालेले उद्या मिळणार नाही. फरक एवढाच की पापड-कुरडया लग्नाच्या रुखवतात मानाने मांडल्या गेल्या आणि चान्यांकडे बोट दाखवून माणसांना विटाळ चिकटवला गेला. १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, त्यामागे हाच अपमान होता. साठवणीचा इतिहास लिहिताना केवळ सोऱ्या आणि पाट यांचे गोड स्मरण करणे म्हणजे अर्धे गाव वगळणे होय, असे मला वाटते. आपल्या ललित लेखनाने ते पुष्कळदा केले आहे.

१९७२ च्या दुष्काळाने तर साठवणीचा पायाच काढून घेतला. वाळवायला आधी काही पिकावे लागते. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांना शासनाकडून सुकडी मिळे. तेही कोरडे, टिकाऊ अन्न. फक्त ते घरच्या अंगणात तयार झालेले नव्हते. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि ही सुकडी यांची चव त्या पिढीला विसरता आलेली नाही.

बीड म्हटले की ऊसतोड आठवणे अटळ आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचे ‘कोयते’ उचल घेऊन साखर कारखान्यांच्या फडांवर जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. म्हणजे हिवाळाभर घराला कुलूप; ज्या दिवसांत पाला खुडून वाळवायचा, त्या दिवसांत ती बाई दुसऱ्याच्या रानात मोळ्या बांधत असते. ती परतते तेव्हा ऊन असते, वेळही थोडाफार असतो, पण अनेकदा गहू विकत घ्यावा लागतो. तरीही सांडगे घालावेत, कारण पुढच्या दसऱ्यानंतर फडावरच्या कोपीत, पहाटेच्या अंधारात तीन दगडांच्या चुलीवर, काही न चिरता न निवडता पटकन शिजणारे कालवण लागते. वाळवणाचा हिवाळा या घरांना असा भेटला. ‘हिवाळ्यासाठी साठवण’ ही कल्पना बर्फाच्या प्रदेशांची, असे मी आरंभी म्हटले. ते विधान येथे दुरुस्त करून घ्यावे लागते.

१९९६ साली माजलगावच्या भीमनगरात जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या संग्रहात त्या आज ऐकता येतात. जाते गेले तरी त्याचा आवाज उरला. सांडगे घालताना अंगणात झालेले बोलणे मात्र कोणी मुद्रित केले नाही. बाजारात पाकिटातला पापड आला तेव्हा त्या बैठकी किती झटकन मोडल्या, याचीही नोंद कोठे नाही. दिंद्रुडच्या एखाद्या गच्चीवर मे महिन्यात अजून जुने लुगडे पसरलेले दिसते, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेले, आणि कावळे हाकलायला बसवलेली एक म्हातारी. तिला विचारायला हवे.