संपादक कोण होता, एवढं कळून भागत नाही

प्रपोजल लिहिताना एक वाक्य आपण हमखास टाकतो : 'या अभ्यासासाठी तत्कालीन वृत्तपत्रांचा आधार घेतला जाईल.' मीही टाकलं होतं. एम.एस्सी. करून इतिहासाकडे वळलेय, त्यामुळे वर्तमानपत्र म्हणजे रीडिंग देणारं उपकरण अशीच माझी समजूत होती. तारीख घ्या, बातमी घ्या, तळटीप टाका. उपकरण एका बाजूला झुकतंय असं वाटलं तर संपादकाची जात, शिक्षण, विचारसरणी बघा आणि तेवढं करेक्शन लावा. झालं!

पहिल्या प्रकरणात मी लिहिलं, 'संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे अनुयायी होते, त्यामुळे दीनबंधू हे फुल्यांच्या विचारांचे मुखपत्र होते.' गाईडनी 'त्यामुळे'भोवती पेन्सिलीने गोल काढला आणि समासात एवढंच लिहिलं : 'मग आसूड का थांबला?' त्या गोलाने माझे पुढचे तीन महिने खाल्ले. तुमचे वाचावेत म्हणून आज हे लिहितेय.

आधी माणूस बघू. लोखंडे १८४८ साली ठाण्यात, गरीब माळी कुटुंबात जन्मले. शिक्षण मॅट्रिकच्या आसपास थांबलं. मग रेल्वेत, टपाल खात्यात नोकरी आणि पुढे मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर. इथे जरा थांबा. ते गिरणीत होते, पण साच्यावर उभे राहणारे कामगार नव्हते, कचेरीतले होते. कामगाराचा दिवस किती तासांचा असतो हे त्यांनी रोज पाहिलं, पण कोठाराच्या दारातून. 'कामगारांमधून आलेला संपादक' असं सरसकट लिहिण्याआधी हा फरक ध्यानात ठेवा.

आता पत्र. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधू' सुरू केलं. सत्यशोधक समाजाची बाजू मांडणारं हे साप्ताहिक पैशाअभावी अडलं आणि १८८०मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईत नेऊन पुन्हा उभं केलं. नोकरी सोडली आणि पत्र हाच व्यवसाय केला.

त्यांच्या आस्था कुठे होत्या, हे कामातून दिसतं. १८८१चा फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांखालच्या मुलांना बंदी आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा. मोठ्या माणसांच्या तासांना मर्यादाच नव्हती. सप्टेंबर १८८४मध्ये लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज केला. मागण्या वाचा : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. एप्रिल १८९०मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथे दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी विधवांचं केशवपन करणार नाही, असा निर्धार मुंबईच्या नाभिकांनी केला, त्यामागेही लोखंडे होते.

इथपर्यंत माझं 'त्यामुळे' बरोबर वाटतं ना? फुल्यांचा अनुयायी, फुल्यांचंच काम.

आता १८८३कडे या. फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. त्याचे भाग ते गावोगावच्या सभांत वाचून दाखवत. त्यातली पहिली दोन प्रकरणं 'दीनबंधू'त छापून आली. पुढची आली नाहीत. संपादकाने छपाई थांबवली. फुले नुसते नाराज झाले नाहीत. आपल्याच लोकांत असे भित्रे छापणारे आहेत, असा ठपका त्यांनी लेखी ठेवला. म्हणजे गुरूचं सगळ्यात धारदार लेखन शिष्याच्या पत्रातून अर्ध्यावर बाहेर!

आता दोन सोपे रस्ते समोर दिसतात. एक, लोखंडे भित्रे होते. दुसरा, त्यांची निष्ठा वरवरची होती. दोन्हींत आपण फक्त करेक्शन फॅक्टर बदलतोय, पद्धत तीच. आणि १८८४चा अर्ज या दोन्हींत बसत नाही. एका वर्षात भित्रा माणूस गिरणीमालकांसमोर हजारो सह्या घेऊन कसा उभा राहतो?

मग मी संपादकाचं चरित्र बाजूला ठेवलं आणि १८८३च्या मागेपुढे काय चाललंय ते पाहिलं. १८७८चा देशी वृत्तपत्र कायदा १८८२मध्ये रद्द झाला होता. म्हणजे संपादकांना मोकळं रान? अजिबात नाही. त्याच १८८२मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. ते सुटले तेव्हा सत्कार करणाऱ्यांत लोखंडेही होते. संपादकाला तुरुंग कसा लागतो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यात हे पत्र एकदा पैशाअभावी अडलेलं. आणि 'असूड' भटशाहीवर जितका तुटून पडतो तितकाच सरकारच्या शेतकी, पाटबंधारे, न्याय खात्यांवरही.

म्हणून माझी मांडणी अशी : लोखंड्यांचा विश्वास डळमळला नसावा. पत्र जगवायचं की हा मजकूर छापायचा, या पेचात त्यांनी पत्र निवडलं असावं. 'नसावा', 'असावं' हे शब्द मुद्दाम वापरलेत. लोखंड्यांच्या हातचं कारण माझ्यासमोर नाही. फुल्यांचा आरोप आहे, पण आरोप म्हणजे कबुलीजबाब नव्हे. व्हायवात कुणी विचारलं तर मी हेच सांगणार.

आता तुमच्यासाठी तीन गोष्टी, माझ्याच चुकांतून आलेल्या.

एक. संपादकाची पार्श्वभूमी गोळा कराच, पण ती प्रश्न काढायला वापरा, उत्तर म्हणून नाही. 'स्टोअरकीपर होते, म्हणून असं लिहिलं' असं लिहू नका. 'स्टोअरकीपरला काय दिसलं असेल आणि काय दिसलं नसेल?' असं विचारा.

दोन. जे छापलं त्याच्याइतकंच जे छापायचं थांबलं ते महत्त्वाचं. ते त्या पत्रात सापडणार नाही, दुसऱ्याच्या तक्रारीत सापडेल. सरकारी दफ्तरातले देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक इंग्रजी सारांश हाताशी असतात, पण ते सरकारला काळजी वाटलेल्या मजकुराचे सारांश आहेत. त्यांना अख्खा अंक समजू नका.

तीन. मोठी नावं तपासून घ्या. लोखंड्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनला भारतातली पहिली कामगार संघटना म्हणतात. पण तिची सभासद यादी, निधी, नियमावली असं काही नव्हतं. त्याने लोखंड्यांचं काम लहान होत नाही. उलट एक पत्र आणि एक माणूस यांच्या जोरावर किती झालं, ते नीट दिसतं.

लोखंडे फेब्रुवारी १८९७मध्ये मुंबईच्या प्लेगात गेले. साथीत लोकांसाठी काम करत होते, त्यातच लागण झाली. १८८३चं धैर्य आणि १८९७चं धैर्य एकाच मापाने मोजता येत नाही, आणि मोजायला आपल्याला कुणी सांगितलेलंही नाही.

प्रकरण मी नव्याने लिहिलं. 'त्यामुळे' काढून टाकलं, तिथे आता दीड पान आहे. तुमच्या ड्राफ्टमध्येही असे 'त्यामुळे' असतील. आज रात्री एकदा शोधून बघा.