राखीव श्वास

गिरगांवच्या चाळींत नळ जाण्यापूर्वीं पिंप भरून ठेवणारी गृहिणी एका बाबतींत निश्चिंत असते. पिंपांतलें पाणी आणि नळांतलें पाणी एकच असतें. सांठा पुरेसा असला म्हणजे झालें. खोल समुद्रांत उतरणाऱ्या पाणबुड्याला हें समाधान लाभत नाहीं. त्याच्या राखीव टाकींत वायु भरपूर असूनहि तो मरूं शकतो. कारण एका खोलीवर जो वायु जीव राखतो, तोच दुसऱ्या खोलीवर जीव घेतो. हें ज्ञान मनुष्याला कोणत्या क्रमानें आणि काय मोल देऊन मिळालें, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

एकोणिसाव्या शतकांतल्या पाणबुड्याचा श्वास जहाजावरच्या पंपाच्या हातीं असे. नळी तुटली कीं सारें संपलें. १८६० नंतरच्या दशकांत रूकेरोल व देनेरूझ या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं पाणबुड्याच्या पाठीवर हवेची लहान टाकी दिली. नळी सोडून तो थोडा वेळ तिच्यावर निभावूं शके. राखीव श्वास किती, एवढाच प्रश्न तेव्हां दिसत होता. तो कोणता, हा प्रश्न पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १८७८ सालच्या ग्रंथानें उभा केला. दाब वाढला कीं प्राणवायुहि विषासारखा बाधतो, हें त्यानें प्रयोगांनीं दाखविलें. पाण्यांत दर १० मीटरांना सुमारें एका वातावरणाचा दाब वाढतो. म्हणून शुद्ध प्राणवायु आज साधारणतः ६ मीटरांच्या खालीं घेत नाहींत. साध्या हवेंतला नत्रवायु ३० मीटरांच्या सुमारास नशा आणूं लागतो. म्हणून पुढें खोल पाण्यासाठीं हीलियम मिसळून प्राणवायूचें प्रमाण कमी करण्याची रीत पडली.

परंतु या कमी प्रमाणांतच नवा धोका दडलेला आहे. आर्ने सेटरस्ट्रोम हा तरुण स्वीडिश इंजिनियर ७ ऑगस्ट १९४५ रोजीं बाल्टिक समुद्रांत १६० मीटर खोल उतरला. हायड्रोजन व प्राणवायु यांचें मिश्रण तो घेत होता, आणि त्यांत प्राणवायु शेंकडा ४ च होता. तळाशीं दाबामुळें तेवढा पुरे. ३० मीटरांच्या वर मात्र तो अगदीं अपुरा. म्हणून वर येतांना वाटेंत थांबून मिश्रण बदलावयाचें ठरलें होतें. वरच्या माणसांच्या चुकीमुळें त्याचा फलाट न थांबतां उथळ पाण्यांत ओढला गेला, आणि तो मरण पावला. वायु संपला नव्हता. खोली चुकली होती.

म्हणूनच आज प्रत्येक टाकींतला वायु आधीं तपासतात, ती किती खोलीपर्यंत वापरावयाची तो आंकडा तिच्यावर ठळक लिहितात, आणि नळी तोंडांत घेण्यापूर्वीं सोबत्याकडूनहि तो पडताळून घेतात. प्रमाणाचा हिशोबहि फसवा आहे. वर मिनिटाला २० लिटर वायु घेणारा मनुष्य ७० मीटरांवर आठपट, म्हणजे १६० लिटर खर्चितो. १२ लिटरांच्या टाकींत २०० वातावरणांच्या दाबानें भरलेला वायु वर दोन तास पुरेल. तेथें अवघीं १५ मिनिटें. भ्यालेला मनुष्य तर त्याहून जलद श्वास घेतो. म्हणून राखीव सांठा एका शांत माणसापुरता नव्हे, तर घाबरलेल्या दोघांपुरता मोजावा लागतो.

हा हिशोब मुंबईला परका नाहीं. १९७४ सालीं येथून सुमारें १६० किलोमीटरांवर बॉम्बे हायचें तेल सांपडलें, आणि समुद्रतळावरच्या कामासाठीं पाणबुडे आले. ते जहाजावरच्या बंद कोठडींत, तळाइतक्याच दाबाखालीं, दिवसचे दिवस राहतात. बाहेर येण्यास दाब हळूहळू उतरवावा लागतो व त्याला कित्येक दिवस लागतात. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशीं खवळलेल्या समुद्रांत 'समुद्र सुरक्षा' हें जहाज एका जखमी आचाऱ्याला उतरविण्यास तेलाच्या फलाटाजवळ गेलें आणि वायूच्या नळावर आदळलें. आगीच्या त्या अनर्थांत २२ माणसें गेलीं. इतरांनीं जहाज सोडलें. कोठडींतल्या ६ पाणबुड्यांना तो मार्गच नव्हता, कारण दार उघडणें म्हणजे मृत्यु. ३६ तासांनंतर त्यांची सुटका झाली. तोंवर त्यांचा जीव कोठडींतल्या दाबावर आणि वायूवरच टिकून होता.

राखीव सांठ्याची निवड संकटांत होत नसते. ती कोरड्या जमिनीवर, शांत डोक्यानें, आधींच व्हावी लागते. तो किती आहे हें विचारणें सोपें. तो कोणत्या खोलीचा आहे, आणि वाट बंद झाली तरी आपल्या हाताशीं राहील काय, हें विचारणारा वर येतो.