इगतपुरीचं इंजिन आणि व्हीएमएस

लहानपणी मुंबईहून नाशिकला जाताना इगतपुरीला गाडी बराच वेळ थांबायची. आम्हा मुलांना वाटायचं, बटाटेवडे घेण्यासाठीच थांबते! खरं कारण वेगळं होतं. तिथे वीज बदलायची.

झालं असं की, कल्याण-इगतपुरी मार्गाचं विद्युतीकरण १९३० मध्ये १५०० व्होल्ट डीसीवर झालं. पुढे १९५७ मध्ये रेल्वेने २५,००० व्होल्ट एसी हा नवा मापदंड ठरवला. भुसावळकडून एसी इगतपुरीपर्यंत आली, मुंबईकडे मात्र डीसीच राहिली. मग इगतपुरीला एक इंजिन काढा, दुसरं जोडा... अनेक दशकं हेच.

आता जरा विषयांतर. (शेवटी परत येतो, काळजी नसावी.)

१९७७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट म्हणजेच डेक या कंपनीने व्हॅक्स संगणक आणि त्यासाठी व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टीम आणली. वर्षानुवर्षं बंद न पडणारी अशी तिची ख्याती. बँका, शेअर बाजार, कारखाने तिच्यावर चालले. आपल्या रेल्वेचं संगणकीय आरक्षण १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झालं, तेही व्हॅक्सवरच. १९९९ मध्ये देशातली पाचही आरक्षण केंद्रं एकमेकांना जोडली गेली, तेव्हाही खाली व्हीएमएसच होती.

मग ग्राहकांचा विश्वास का उडाला? सिस्टीम बिघडली म्हणून? अजिबात नाही.

१९९२ मध्ये डेकने अल्फा हा नवा प्रोसेसर आणला. ग्राहकांनी व्हॅक्सवरून तिकडे मुक्काम हलवला. १९९८ मध्ये कॉम्पॅकने डेक विकत घेतली. २००१ मध्ये कॉम्पॅकने सांगितलं की अल्फा बंद, आता इटॅनियमवर चला. २००२ मध्ये कॉम्पॅकच एचपीत विलीन झाली. ग्राहक पुन्हा बोचकं बांधून निघाले. आणि २०१३ मध्ये एचपीने जाहीर केलं की इटॅनियमच्या नव्या पिढीवर व्हीएमएस येणार नाही!

आता मला सांगा, तुम्ही बँकेचे आयटी प्रमुख असता तर काय केलं असतं? प्रोग्राम उत्तम चालतोय, पण दहा वर्षांनी तो चालवायला यंत्र मिळेल का, याची खात्री नाही. वर तरुण मुलं ते शिकायला तयार नाहीत, कारण त्यांनाही भविष्य दिसत नाही. लोक सोडून जातात म्हणून मालक पैसा घालत नाही, आणि मालक पैसा घालत नाही म्हणून लोक सोडून जातात.

२०१४ मध्ये व्हीएमएस सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने हे काम हाती घेतलं. २०२२ मध्ये सिस्टीम साध्या एक्स८६ यंत्रांवरही आली. तांत्रिकदृष्ट्या शाब्बास! पण तोवर ज्यांना जायचं होतं त्यातले कितीतरी निघून गेले होते.

आता परत इगतपुरी. डीसी जुनी झालीच होती, पण रेल्वेने ती एका रात्रीत तोडली नाही. १९९७ पासून दोन्ही विजेवर चालणारी इंजिनं मध्य रेल्वेवर आली. २००६ मध्ये घाटात एसी आली, मग टप्प्याटप्प्याने मुंबईपर्यंत. २०१६ मध्ये हार्बर मार्गही एसीवर गेला, आणि मधल्या काळात लोकल चालूच राहिल्या.

तुलना शंभर टक्के जमत नाही, मान्य. तिथे रूळ, इंजिन आणि निर्णय सगळं एकाच मालकाचं. व्हीएमएसच्या ग्राहकाच्या हातात फक्त बिल होतं.

पण मुद्दा तोच. प्लॅटफॉर्म जुना आहे म्हणून कोणी घाबरत नाही. पुढचं इंजिन येणार की नाही हे कळेनासं झालं, की माणूस आपली बॅग उचलून खाली उतरतो.

आपण लिहिलेल्या सॉफ्टवेअरवरही कोणाची तरी गाडी चालते. तेव्हा पुढचा रोडमॅप बनवताना एवढं आठवलं तरी पुष्कळ.