बासन

इंदुरातील एखाद्या मराठी घरच्या वृद्ध गृहस्थाने ‘ते बासन जरा जपून खाली काढा’ असे सांगितले, तर देवघरातील पोथी पुढे येईल की स्वयंपाकघरातील पितळी पातेले, हे ऐकणाऱ्याच्या मातृभाषेवर अवलंबून असते. कारण माळव्याच्या बोलीत बासन म्हणजे भांडे, आणि आपल्या भाषेत बासन म्हणजे पोथीला किंवा कागदपत्रांना गुंडाळावयाचे फडके. दोहोंचे मूळ संस्कृत ‘वासन’ या एकाच शब्दाशी जाते. त्यात वस्त्र व वेष्टन हेही अर्थ आहेत आणि पेटी, पात्र हेही. वडिलार्जित इस्टेटीची दोघा भावांनी वाटणी करून घ्यावी, तशी एकाने भांडी घेतली आणि दुसऱ्याने कापड.

या कापडाचे गोत मोठे आहे. ‘रुमाल’ हा फारसी शब्द मुळात तोंड पुसण्याच्या वस्त्राचा. पण मराठी दफ्तरखान्यात शिरल्यावर तो चौकोनी फडक्यात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचे नाव झाला, आणि पेशवे दफ्तराची मोजदाद रुमालांत होऊ लागली. ‘बस्ता’ म्हणजे फारसीत नुसते ‘बांधलेले’. हिंदी मुलाच्या पाठीवर तो पुस्तकांसह चढला, तर मराठी वधूपित्याने तो लग्नाच्या लुगड्यांसाठी राखून ठेवला. आणि ‘दप्तर’, जे आमची मुले शाळेत नेतात, त्याचा मूळ पुरुष ग्रीक भाषेत सापडतो: कमावलेल्या कातड्याला ग्रीक लोक ‘दिफ्थेरा’ म्हणत, कातड्यावर लिहीत, आणि तोच शब्द इराणमार्गे आपल्या फडावर येऊन बसला.

कातड्यावर लिहिण्याचा हा उद्योग ज्यांनी शतकानुशतके निष्ठेने चालविला, त्या युरोपातील बेनेडिक्टपंथी मठवासीयांची आठवण येथे सहजच होते. सहाव्या शतकात इटलीतील मॉन्ते कासिनोच्या डोंगरावर मठ स्थापणाऱ्या संत बेनेडिक्टने आपल्या नियमग्रंथात मठाच्या सर्व चीजवस्तूंची यादी मठाधिपतीने स्वतःपाशी ठेवावी, असा दंडक घातला. आणि त्याच ग्रंथात, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात प्रत्येक मठवासीयास ग्रंथालयातून एकेक पुस्तक द्यावे व त्याने ते अथपासून इतिपर्यंत वाचावे, असेही लिहून ठेवले. जतन आणि वाटप ही दोन्ही कलमे एकाच माणसाच्या एकाच कायद्यात यावीत, हे मला मोठे मार्मिक वाटते.

आपल्याकडे या विषयावर सविस्तर आज्ञा आहे ती समर्थ रामदासांची. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर असून, अक्षर कसे असावे, समास किती सोडावा, बोरू कसा तासावा येथपासून बासने, मेणकापडे, पेट्या आणि कुलपे येथपर्यंत सारा सरंजाम समर्थांनी मोजून सांगितला आहे. सुती फडके हवा खेळू देते, मेणकापड पावसाळ्यात ओल अडविते, वेखंडाचे तुकडे किंवा कडुलिंबाचा पाला कसर दूर ठेवतो. तांबड्या खारव्यात घट्ट बांधलेली पोथी म्हणजे एक संपूर्ण तंत्रच होते. लहियेही हे तंत्र जाणत. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून माझे रक्षण कर आणि मूर्खाच्या हाती मला देऊ नको, अशी पोथीच्याच मुखाने केलेली विनवणी ते ग्रंथाच्या शेवटी लिहीत. दुर्दैव एवढेच, की मूर्ख कोण हे ठरविण्याचा अखत्यार पोथीच्या मालकाकडे राहिला, आणि त्याने बहुधा उभ्या गावालाच त्या सदरात घातले! ‘प्रकरण बासनात गुंडाळले’ म्हणजे ते कायमचे विसरले, हा अर्थ भाषेत रूढ झाला तो उगाच नव्हे.

ही गाठ सोडणारी माणसेही निघाली. आग्रा रस्त्यावर इंदूरच्या दक्षिणेस असलेल्या धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव या वकिलांनी रामदासी मठांतील बाडे धुंडाळण्यात आयुष्य वेचले, आणि डोमगावच्या मठातील, समर्थशिष्य कल्याणस्वामींच्या हातची मानलेली प्रत पुढे ठेवून १९०५ साली दासबोध छापला. मठाचे धन मठातच राहिले आणि घरोघरही पोचले.

होळकरांच्या कागदांची कथा मात्र इतकी सरळ नाही. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली. परंतु राजधानी हलली म्हणून इतिहास एका ठिकाणी गोळा होत नसतो. पत्र ज्याला लिहिले त्याच्या दफ्तरात ते जाऊन पडते, लिहिणाऱ्याकडे उरली तर नक्कल; त्यामुळे होळकरांची पत्रे पुण्यात, पुण्याची होळकरांकडे, आणि दोघांमधील कारस्थाने दिवाणाच्या घरी, अशी स्थिती असते. एक बासन बंद राहिले की दुसरे अर्धे मुके होते. म्हणून पारसनिसांनी १९१० च्या सुमारास छापलेली महेश्वर दरबारची बातमीपत्रे, होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांच्या घराण्याचे द. वि. आपटे यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेले दफ्तर, १९३० नंतर सरदेसायांनी पंचेचाळीस भागांत काढलेले पेशवे दफ्तरातील निवडक कागद, आणि पुढे वा. वा. ठाकूर यांनी इंदुरातून प्रकाशात आणलेली होळकरशाहीच्या इतिहासाची साधने, ही सर्व शेजारी ठेवल्यावाचून अहल्याबाईंच्या कारभाराचे वाक्य पुरे होत नाही.

मॉन्ते कासिनोचा मठ १९४४ च्या फेब्रुवारीत बॉम्बवर्षावाने जमीनदोस्त झाला. आदल्या वर्षीच ग्रंथ व कागद रोमला हलविले होते म्हणून ते वाचले. तो धडा घेतल्यासारखे, अमेरिकेतील मिनेसोटा प्रांताच्या बेनेडिक्टपंथीयांनी १९६५ पासून ऑस्ट्रियातील मठांच्या हस्तलिखितांची सूक्ष्मचित्रे घेण्यास आरंभ केला, आणि आज तेच काम केरळातील सुरियानी पोथ्यांपर्यंत पोचले आहे. मूळ पोथी धन्याच्या घरीच राहते; दूर जाते ती तिची छबी. घट्ट गाठीचा धर्म आणि उपवासकाळातील वाटपाचा धर्म यांचा असा मेळ बसतो.

इंदुरात राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांतून, माळ्यावर, तांबड्या फडक्यात बांधलेले काही असेल, तर घर पाडण्यापूर्वी आणि रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते खाली उतरवा. ते मोडीत असेल, तुम्हांला वाचता येणार नाही. तरी ते एखाद्या मोडी जाणणाऱ्याला दाखवा, पानापानाचे छायाचित्र घेऊ द्या, आणि मग बासन पुन्हा घट्ट बांधून आपल्याच घरी ठेवा.